मुक्कामाचा प्रश्न : चाकावरचं घर, सोबतचं कुत्रं आणि आपलं वाचन



आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, सरांना हे काय सुचलं! पण मोबाइलवर हे व्हिडिओ तुम्ही सगळ्यांनीच पाहिले असतील. एक जोडपं नोकरी सोडतं, घर विकतं, मोठी गाडी घेतं. गाडीतच ओटा, गाडीतच बिछाना, टपावर सौरऊर्जेचं पॅनेल, सोबत दोन कुत्री, आणि मग बारा महिने तेरा काळ रस्त्यावर. अमेरिकेत अशा गाडीला आरव्ही म्हणतात. आपल्याकडे कॅराव्हॅन हा शब्द रुळतो आहे. या जगण्यावर पुस्तकं निघाली, चित्रपट निघाले. त्या सगळ्या वाङ्मयाकडे आज समीक्षेच्या नजरेने पाहायचं आहे. टिंगल करायची नाही. निघून जावंसं वाटणं ही माणसाची जुनी आणि प्रामाणिक ओढ आहे. प्रश्न आहे तो त्या ओढीबद्दल आपण लिहितो काय आणि वाचतो काय, हा.

सुरुवात एका शब्दापासून करू. ‘भटकणे’ हा आपला साधा धातू. त्याची तीन रूपं आपण रोज वापरतो. ‘भटकंती’ म्हणजे सुट्टीतला ट्रेक, किल्ले, पर्यटन, रविवारच्या पुरवणीतलं सदर. ‘भटकी कुत्री’ म्हणजे नगरपालिकेकडे करायची तक्रार. आणि ‘भटक्या जमाती’ म्हणजे शासनाच्या यादीतला एक प्रवर्ग. धातू एकच. पण एका रूपाला कौतुक, दुसऱ्याला पिंजरा, तिसऱ्याला दाखला. हा फरक चालण्यामुळे पडत नाही, चालतात तर तिघेही. ज्याच्या खिशात परतीच्या घराची किल्ली आहे, त्याची ‘भटकंती’ होते. किल्ली नसली की विशेषण लागतं.

आणखी एक म्हण घ्या. ‘विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर.’ बिऱ्हाड पाठीवर वाहणारी गोगलगायही आहे, कासवही आहे. पण आपल्या म्हणीने निवडला विंचू. ज्याच्या नांगीत विष आहे, तो. म्हण कुणी रचली ते आम्हाला ठाऊक नाही, पण ती रचणारा घरात राहणारा होता आणि दाराशी आलेल्या बिऱ्हाडाकडे पाहून तो मनातून बिचकला होता, एवढं म्हणीवरून कळतं.

तर आमचं म्हणणं असं. रस्त्यावरच्या जगण्याविषयीचं बहुतेक लेखन जाण्याबद्दल बोलतं: वाट, क्षितिज, वारा. खरी कसोटी असते थांबण्याची. म्हणून अशा कुठल्याही कलाकृतीला दोन प्रश्न विचारावेत. पहिला, रात्री मुक्कामाला परवानगी कुणाची? दुसरा, सोबतचं कुत्रं तिथे करतं काय? दुसरा प्रश्न थट्टेचा वाटेल. पण पहिल्याचं उत्तर पुष्कळदा दुसऱ्यात सापडतं.

या वाङ्मयातलं सगळ्यात प्रसिद्ध पुस्तक जॉन स्टाइनबेकचं, ‘ट्रॅव्हल्स विथ चार्ली’, 1962 सालचं. त्याच वर्षी त्याला नोबेल मिळालं. 1960 च्या सप्टेंबरात हा साठीकडे झुकलेला लेखक एका छोट्या ट्रकवर राहण्याची खोली बसवून घेतो, तिला डॉन किहोतेच्या घोड्याचं नाव देतो, रोसिनांते, आणि चार्ली नावाच्या पूडल कुत्र्याला घेऊन अमेरिका पाहायला निघतो. पुस्तक रसाळ आहे. आम्हाला आवडतं. आता आपले प्रश्न विचारू.

मुक्कामाला परवानगी कुणाची? ज्याची जमीन असेल त्याची. स्टाइनबेक जमीनमालकाला विचारतो, कॉफी पाजतो, गप्पा मारतो, मुक्काम मिळतो. निघताना तो बंदुका आणि मासे धरायच्या काठ्याही बरोबर घेतो, आणि त्याचं कारण फार मार्मिक देतो. माणूस शिकारीला निघालाय म्हटलं की लोकांना त्याचा हेतू कळतो, संशय येत नाही. म्हणजे गोऱ्या, पैसेवाल्या, देशभर नाव असलेल्या माणसालाही आपलं भटकणं समजावून सांगायला निमित्त लागतं. मग ज्याच्याजवळ यातलं काहीच नाही, त्याचं काय होत असेल?

आणि कुत्रं? चार्ली राजदूताचं काम करतो. तो पुढे पळतो, अनोळखी माणसाशी जवळीक करतो, मागून मालक जातो, क्षमा मागतो, बोलणं सुरू होतं. कुत्रं इथे दार उघडतं.

पण याच लेखकाने 1939 साली ‘द ग्रेप्स ऑफ रॅथ’ लिहिली होती. तिथेही एक ट्रक आहे, त्यावर लादलेला संसार आहे, आणि कुत्रंही आहे. जोड कुटुंब जमिनीवरून हुसकलं गेलंय आणि कॅलिफोर्नियाकडे निघालंय. प्रवासाच्या सुरुवातीलाच, पेट्रोलपंपापाशी गाडी थांबली असताना, ते कुत्रं रस्त्यावर येतं आणि एका भरधाव मोटारीखाली चिरडलं जातं. मोटार निघून जाते. जोड मंडळींनाही पुढे निघावं लागतं. त्या कादंबरीत मुक्काम हाच सगळा संघर्ष आहे. कुठे राहुट्या जाळल्या जातात, कुठे पोलिसांचे हस्तक येऊन धमकावतात. मग एक सरकारी छावणी लागते. तिथे नळ आहे, संडास आहे आणि कारभार राहणाऱ्यांच्याच हाती आहे. त्या छावणीत शिरल्यावर त्या बाईला, मा जोडला, पुन्हा आपण माणूस असल्यासारखं वाटतं. लक्षात घ्या, चालण्याने तिला माणूसपण मिळालेलं नाही. सन्मानाने थांबता आलं, त्याने मिळालं आहे.

लेखक एकच, देश एक, मध्ये तेवीस वर्षं. एका पुस्तकात कुत्रं दार उघडतं, दुसऱ्यात चाकाखाली जातं. पुढे एका पत्रकाराने शोध घेऊन दाखवलं की ‘चार्ली’च्या प्रवासात स्टाइनबेक बऱ्याच रात्री हॉटेलांत, मोटेलांत राहिला होता आणि बरेच दिवस पत्नीही सोबत होती. पन्नास वर्षांनंतरच्या आवृत्तीच्या प्रस्तावनेतही हे मान्य केलं गेलं. काही लोक चिडले, फसवणूक म्हणाले. आम्ही चिडत नाही. आम्हाला त्यात एक कबुली दिसते. एकटेपणाचं, मोकळ्या रस्त्याचं ते चित्र उभं राहावं म्हणून मागे हॉटेलातली गादी लागली. भटकंतीला किल्ली लागते ती अशी.

अलीकडचं उदाहरण ‘नोमॅडलँड’. जेसिका ब्रूडर या पत्रकार बाईंचं पुस्तक 2017 चं, क्लोई झाओचा चित्रपट 2020 चा. 2021 मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं. नेवाडातल्या एम्पायर गावातला जिप्समचा कारखाना बंद पडतो, गावच संपतं. फर्न ही विधवा बाई व्हॅनमध्ये राहू लागते, हंगामी कामं करत फिरते. इथे मुक्कामाचा प्रश्न दिग्दर्शिकेने टाळलेला नाही. रात्री व्हॅनच्या काचेवर थाप पडते, इथे झोपता येणार नाही. ती थाप आम्हाला चित्रपटातल्या सगळ्या सूर्यास्तांपेक्षा खरी वाटते. कुत्र्याचाही एक प्रसंग आहे. मालकाविना मागे राहिलेलं एक कुत्रं तिला देऊ केलं जातं. ती त्याला कुरवाळते, पण नेत नाही. एक जिवाची जबाबदारी तिला परवडत नाही. पैशाने म्हणा, मनाने म्हणा.

पण चित्रपटाचा दोषही सांगायला हवा. पुस्तकात म्हाताऱ्या माणसांना गोदामात उभं राहून राबावं लागतं, त्याची झीज अंगावर येते. चित्रपटात तेच गोदाम जवळजवळ निवांत दिसतं. शेवटी प्रेक्षक बाहेर पडतो तो विशाल आकाश मनात घेऊन. काचेवरची थाप तो विसरतो. कॅमेऱ्याला चालणं आवडतं, थांबवलं जाणं फार वेळ दाखवायला आवडत नाही.

आता आपल्या घरी येऊ. आपल्याकडे अखंड फिरणारा देव आहे आणि त्याच्यापाशी कुत्री आहेत. एक नाही, चार. दत्तात्रेय. परंपरा सांगते, काशीला स्नान, कोल्हापुरात भिक्षा, माहूरला निद्रा. बघा, फिरस्त्या देवालाही परंपरेने झोपायची जागा नेमून दिली आहे! आणि कुत्र्यांचं काय केलं? ते चार वेद आहेत असं सांगितलं. अर्थ मोठा झाला, पण कुत्रं नाहीसं झालं. महाभारताच्या महाप्रास्थानिक पर्वात तेच. भाऊ पडले, द्रौपदी पडली, युधिष्ठिराबरोबर उरलं ते कुत्रं. इंद्र रथ घेऊन येतो. अट एकच, कुत्र्याला सोडून बस. युधिष्ठिर नकार देतो. इथपर्यंत ही जगातली फार मोठी गोष्ट आहे. पण मग ते कुत्रं प्रत्यक्ष धर्म निघतं. आमच्या मनात नेहमी येतं, ते साधं कुत्रंच असतं तर तो नकार आणखी मोठा झाला असता.

ग्रीकांकडे डायोजेनिस. त्याच्या पंथाचं नावच कुत्र्यावरून पडलं, सिनिक, म्हणजे श्वानासारखा जगणारा. तो अथेन्समध्ये भर वस्तीत एका मोठ्या रांजणात राहायचा. आम्ही वर्गात तीस वर्षं त्याची अलेक्झांडरची गोष्ट सांगितली, बाजूला हो, माझं ऊन अडवू नकोस, ती. पोरं खूश व्हायची. पण डायोजेनिस लार्टियसने नोंदवलेली दुसरी एक कथा आम्ही क्वचितच सांगितली. एका पोराने तो रांजण फोडला. तेव्हा अथेन्सकरांनी त्या पोराला फटके दिले आणि डायोजेनिसला दुसरा रांजण दिला. म्हणजे त्याची ती बाणेदार मुक्ती कुणाच्या जोरावर उभी होती? त्याला थांबू देणाऱ्या शहराच्या. ही कथा लक्षात ठेवा, शेवटी तिच्याकडे परत यायचं आहे.

मराठीत दोन पुस्तकं या कसोटीला महत्त्वाची. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’, 1955 ची. धनगरांचं गाव, माणदेशचा दुष्काळी मुलूख. कादंबरी थोरच आहे, याबद्दल दुमत नाही. पण ती सांगतो कोण? शाळामास्तर. म्हणजे जागेवर नेमणूक असलेला माणूस. दुष्काळ पडतो, माणसं मेंढरं घेऊन वाडी सोडतात, वाडी ओस पडते आणि कादंबरी संपते. जिथे धनगराची वाट सुरू होते तिथे मास्तराची गोष्ट संपते. हा माडगूळकरांचा दोष नव्हे. त्यांनी आपल्या निवेदकाची मर्यादा इमानाने पाळली. पण आपण वाचक ती मर्यादा विसरतो आणि समजतो की धनगरांचं जगणं आपण वाचलं. आपण वाचलं ते त्यांचं गाव. वाट वाचायची तर गुंथर सोन्थायमर या जर्मन अभ्यासकाने बिरोबा, म्हसकोबा, खंडोबा या देवांच्या मागे जात धनगरांच्या तोंडून ज्या ओव्या आणि कथा गोळा केल्या, त्यांच्याकडे जावं लागतं. तिथे देवसुद्धा मेंढरांबरोबर चालत येतो आणि थांबायला जागा मागतो.

दुसरं पुस्तक लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’, 1980 चं. इथे सांगणारा वाटेवरचाच आहे. कैकाडी कुटुंब, गाढवाच्या पाठीवर संसार, गावोगाव टोपल्या विणायच्या. शीर्षकच मुक्कामाबद्दल आहे. चालणाऱ्याला कुणी उपरा म्हणत नाही, तो कुठेतरी थांबला की गाव त्याला उपरा म्हणतं. आणि याच पुस्तकात बापाला पोराने शिकावं असं वाटतं. म्हणजे ज्याच्यावर भटकणं लादलं गेलं, त्याला त्यातलं काव्य दिसत नाही. त्याला शाळा दिसते. व्हॅनमधली मुक्ती पाहून हळवं होण्याआधी एवढं आठवावं.

आता आपला बुलढाणा जिल्हा. आम्ही वाढलो ते मेहकरकडच्या एका खेड्यात. कपाशीची उलंगवाडी झाली, शेवटची वेचणी संपली, की उभ्या पऱ्हाटीत मेंढरं शिरायची. मेंढपाळ यायचे, तट्टावर बाजलं, भांडी, कोंबड्या, वर एखादं कोकरू. कधी कच्छ-काठेवाडकडची मंडळी उंट घेऊन. बाया पुढे येऊन चूल मांडायच्या. संध्याकाळी शेतात वाघर लावायची, म्हणजे जाळ्याचं कुंपण. आत मेंढरं. शेताला रात्रभर लेंडीखत मिळायचं आणि त्याबद्दल शेतकरी ज्वारी किंवा पैसे द्यायचा. मेंढ्या ‘बसवायच्या’ असं म्हणायचे. शब्द बघा, बसवायच्या! मुक्काम हाच तिथे व्यवहार होता. कुणी कुणावर उपकार करत नव्हतं.

आणि कुत्री वाघरीच्या बाहेर, चार बाजूंना. लांडग्यासाठी. लहानपणी आम्ही त्या शेताकडे रात्री गेलो होतो तेव्हा एका ठरावीक अंतरावर कुत्रं उठलं. त्याच्या अलीकडे आम्ही उभे होतो तोवर ते शांत होतं. एक पाऊल पुढे टाकलं आणि ते अंगावर आलं. तिथे भिंत नव्हती, दार नव्हतं, पण घर कुठे सुरू होतं ते त्या कुत्र्याला बरोबर माहीत होतं. तत्त्वज्ञानात घर म्हणजे काय यावर पुढे पुष्कळ वाचलं. त्या पावलाइतकं स्पष्ट काही सापडलं नाही. चार्ली दार उघडायचा. हे कुत्रं दार होतं.

तो व्यवहार आता आटत चालला आहे. पाणी आलं, कपाशी मोडून लगेच हरभरा-गहू पेरला जातो, रान मोकळं राहत नाही. गायरानांवर अतिक्रमणं, जंगलात चराईला बंदी. गंमत अशी की गुलाबी बोंडअळी आल्यापासून कृषी विभागच सल्ला देतो, हंगाम संपला की पऱ्हाटीत शेळ्यामेंढ्या चारा, उरलेली बोंडं खाल्ली जातील. म्हणजे मेंढरू हवं आहे, मेंढपाळाच्या मुक्कामाची सोय मात्र कुणाच्या हिशोबात नाही. देऊळगाव राजा, सिंदखेड राजा, मेहकर, लोणार या पट्ट्यातून 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग गेला. ताशी 120 चा वेग, दोन्हीकडे कुंपण, बैलगाडीला, जनावराला मज्जाव. सुरक्षेसाठी ते बरोबरच आहे. पण ज्यांची वाट त्याला आडवी जात होती, त्यांना आता खालचा बोगदा शोधत फिरावं लागतं.

2019 साली टिपेश्वरचा एक वाघ गळ्यात रेडिओ कॉलर घेऊन पाच महिन्यांत तेराशे किलोमीटर चालत आपल्या ज्ञानगंगा अभयारण्यात आला. सगळ्या जिल्ह्याला कौतुक. तो इथे राहावा म्हणून वाघीण आणावी का, इथपर्यंत चर्चा झाली. व्हायलाच हवी होती. भटक्याचा मुक्काम ही आपली जबाबदारी आहे हे तेव्हा आपल्याला चटकन कळलं.

2021 मध्ये राज्याने कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणलं. गाड्या उभ्या करायला जागा, पाणी, वीज. चांगलं आहे. आमचा विरोध नाही. पण शेजारी हेही ठेवून बघा. याच राज्यात भटक्या जमातीच्या माणसाला जातीचा दाखला हवा असेल तर 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागितला जातो. ज्याची ओळखच तो कुठे राहत नव्हता ही आहे, त्याला विचारायचं, तू तेव्हा कुठे राहत होतास? हौसेने फिरणाऱ्याला थांबायला जागा, आणि परंपरेने फिरणाऱ्याला थांबल्याचा पुरावा. पहिल्याला मिळतं ते दुसऱ्यालाही मिळावं, एवढंच म्हणणं.

कुणी म्हणेल, सर, मेंढरं पिकात शिरतात त्याचं काय? शिरतात. शेतकऱ्याचं नुकसान खरं आहे, भांडणं होतात, डोकी फुटतात. म्हणूनच मुक्काम ठरलेला, मान्य केलेला हवा. ठरलेला होता तेव्हा भांडणं कमी होती. दुसरं कुणी म्हणेल, त्यांना घरं द्या, फिरणं बंद करा. जे मागतील त्यांना जरूर द्या, पोरांना शाळा तर द्यायलाच हवी. पण थांबण्याच्या हक्कात कायमचं थांबणं जसं आलं तसं पुन्हा निघणंही आलं. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने भटक्यांना तारेच्या कुंपणातल्या वस्त्यांत बसवलं होतं. ते थांबणं नव्हतं. ते डांबणं होतं.

आता शेवटचं. हे सांगितल्याशिवाय आजचं बोलणं खोटं ठरेल. काही वर्षांपूर्वी आमच्या कॉलनीशेजारच्या मोकळ्या जागेत तीन-चार कुटुंबं उतरली. पालं, एक हातगाडा, कुत्री. लोखंडाची कामं करणारी माणसं होती, विळे-कुऱ्हाडी शेवटायची. रात्री कुत्री भुंकायची. कॉलनीने निवेदन लिहिलं, कुत्र्यांचा त्रास होतो. सह्या गोळा झाल्या. त्यात आमचीही आहे. कुणी जबरदस्ती केली नव्हती. पेन पुढे आलं, आम्ही सही केली. दोन दिवसांत जागा रिकामी झाली. त्या काळात आम्ही निवृत्त होऊनही एका वर्गाला डायोजेनिस शिकवत होतो.

ती कुत्री का भुंकायची, हे आम्हाला लहानपणापासून माहीत होतं. मेहकरकडच्या त्या शेतात शिकलो होतो. ती त्यांचं दार राखत होती, आणि आम्ही तक्रार केली ती दाराच्या आवाजाची. अथेन्सकरांनी दुसरा रांजण दिला. आम्ही होता तो उचलायला लावला.

म्हणून मंडळी, पुढच्या वेळी रस्त्यावरच्या जगण्याचं पुस्तक वाचाल, चित्रपट बघाल, कुत्र्यांसोबतचा तो सुंदर व्हिडिओ बघाल, तेव्हा आनंद जरूर घ्या. पण रात्र होईल तेव्हा थोडं थांबा आणि बघा, यांना इथे झोपू कोण देतंय? आणि आपल्या गल्लीच्या टोकाला कधी पाल पडलेलं दिसलं, निवेदन फिरत आलं, तर सही करण्याआधी दिवसाउजेडी तिथवर चालत जा. कुत्रं उठेल तिथे उभे राहा आणि हाक मारा. दारावर थाप मारायची तीच रीत आहे.

आम्हाला ती सही परत घेता येत नाही. निदान ती होती, हे सांगता येतं. इथे थांबतो.